भोपाळला दोन दिवस : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझी थोरली बहीण लग्न होऊन भोपाळला गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून वर्षाआड तरी माझी तिकडे फेरी होतेच. त्यामुळे ओळखीतलं कुणी भोपाळला निघालं की फोन मला येतो. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे.

भोपाळच का? उदयपूर किंवा नैनीताल का नको?

जरूर जा की. पण तिथे तलाव बघायला जातात, आणि भोपाळमध्ये लोक तलावाच्या काठाने राहतात. सकाळी फिरायला, संध्याकाळी भुट्टा खायला, भांडण झालं तर गप्प बसायला, सगळ्याला तोच एक तलाव. पर्यटकांसाठी फार नटलेला नाही. तिथे म्हणतात, ‘ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया’. इतरांच्या तलावांना ‘तलैया’, म्हणजे डबकी, म्हणून मोकळं व्हायचं म्हणजे गर्वाची हद्द झाली. पण तलावाकाठच्या व्हीआयपी रोडवर उभं राहिल्यावर समोरचा काठ धुक्यात हरवलेला दिसतो, तेव्हा वाद घालावासा वाटत नाही. पाणी भरलं की या तलावाचा पसारा तीस चौरस किलोमीटरच्या वर जातो.

आणि दुसरं कारण म्हणजे तासा-दीड तासाच्या अंतरावर जागतिक वारसा यादीतली दोन ठिकाणं आहेत, सांचीचे बौद्ध स्तूप आणि भीमबेटक्याची आदिमानवाची खडकांवरची चित्रं.

मुंबई, पुणे, नागपूरहून कसं जायचं?

रेल्वेनेच जा. शुक्रवारी संध्याकाळी मुंबईहून पंजाब मेल किंवा पुण्याहून झेलम पकडली की शनिवारी सकाळी भोपाळ. एक रात्र गाडीत झोपायची, हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. नागपूरकरांचं तर काय, जेमतेम चारशे किलोमीटर, आणि दिल्लीकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या भोपाळवरूनच जातात. विमानंही आहेत. विमानतळाचं नाव राजा भोज. इटारसी सोडल्यावर गाडी सातपुडा मागे टाकून नर्मदा ओलांडते आणि मग विंध्याचा घाट चढते. त्या वेळी जागे असाल तर खिडकीशी बसा, हे एवढं माझं ऐकाच.

स्टेशनं दोन आहेत. त्याबद्दल अगदी शेवटी.

कधी जावं?

ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, पुण्याची थंडी समजून एका स्वेटरवर जाऊ नका. एप्रिल-मे विसरा. पारा चाळिशी ओलांडतो आणि पाणीही आटलेलं असतं.

पावसाळ्याची गंमत वेगळी आहे. तलाव काठोकाठ भरला की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. हे धरण 1960 च्या दशकातलं, दरवाजे अकरा. ऑगस्टमध्ये भोपाळकरांचं रोजचं बोलणं म्हणजे आज पातळी किती झाली. तलाव भरल्याची खूण समुद्रसपाटीपासून 1666.80 फूट, आणि हा आकडा तिथे पोराटोरांना पाठ असतो. दरवाजे उघडल्याची बातमी आली की अर्धं शहर गाड्या काढून बघायला निघतं. भावोजी दरवर्षी म्हणतात, ‘काय बघायचं त्यात, पाणीच तर आहे’, आणि दरवर्षी गाडी तेच काढतात.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकदा शहराबाहेर तबलीगी इज्तिमा हा मुसलमानांचा धार्मिक मेळावा भरतो, लाखो माणसं येतात. त्या तारखा आधी बघून घ्या, नाहीतर गाडीत जागा मिळणार नाही आणि हॉटेलातही.

राहायचं कुठे?

पैसे सुटत असतील तर श्यामला हिल्सवर. तलावही जवळ, संग्रहालयंही जवळ. तिथेच जहांनुमा पॅलेस आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजघराण्यातल्या माणसाने बांधलेला वाडा, आता हॉटेल. खिसा बेताचा असेल तर एमपी नगर. तिथे कामासाठी येणाऱ्यांची हॉटेलं आहेत, खोल्या स्वच्छ, दिसायला नीरस. हमीदिया रोड स्वस्त आणि भोपाळ स्टेशनजवळ, पण हॉर्नच्या आवाजात झोप लागत असेल तरच.

दोन दिवसांत काय काय होईल? माझ्या यादीत सोळा ठिकाणं आहेत.

सोळा होणार नाहीत. झाली तरी घरी आल्यावर एकही आठवणार नाही. माझा हिशेब साधा आहे. दोन संध्याकाळी तलावाला द्या, एक दुपार संग्रहालयाला, एक सकाळ जुन्या शहराला आणि एक अर्धा दिवस बाहेर, सांची किंवा भीमबेटका. ‘किंवा’ म्हणते आहे. दोन्ही एका दिवसात करणारे लोक भेटतात, पण त्यांना सांचीचं तोरण आठवत नाही, टॅक्सीवाल्याचं नाव आठवतं.

संग्रहालयांच्या वेळा लक्षात ठेवा. जनजातीय संग्रहालय आणि भारत भवन हे कलाकेंद्र दुपारी उघडतात आणि सोमवारी बंद असतात. सकाळी नऊला तिथे जाऊन फाटकाशी उभी राहिलेली मराठी कुटुंबं मी पाहिली आहेत. पहिल्या खेपेला त्यांच्यात मीही होते.

तलाव म्हणजे नक्की कुठला? नकाशात तर बरेच दिसतात.

मुख्य दोन. बड़ा तालाब आणि छोटा तालाब. बड़ा तालाब अकराव्या शतकातला. परमार राजा भोजाने कोलांस नदीला मातीचा बांध घालून तो केला, असं मानतात. दंतकथा अशी की राजाला कातडीचा रोग जडला होता आणि 365 झऱ्यांचं पाणी एकत्र करून त्यात स्नान केलं तर बरा होशील, असं एका साधूने सांगितलं. रोगाचं राहू द्या, बांध मात्र हजार वर्षं टिकला आहे. कमला पार्कपाशी एका हाताला मोठा तलाव आणि दुसऱ्या हाताला छोटा तलाव दिसतो. मधला जो रस्ता आहे तो त्या बांधावरूनच जातो. बहुतेक पर्यटक त्यावरून रिक्षाने जातात आणि आपण धरणावर आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. उतरा आणि चालत जा.

छोटा तालाब 1794 मधला, नवाबाचा दिवाण छोटे खान याने बांधवलेला. त्याला स्वतःची नदी नाही, मोठ्याचंच पाणी झिरपून येतं. दोन्ही मिळून भोज पाणथळ, 2002 साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलेली. शहराच्या मोठ्या भागाला अजून मोठ्या तलावाचं पाणी नळाला येतं. म्हणून काठावर कचरा टाकताना कुणी दिसलं तर माझी ताई रिक्षा थांबवून भांडते. तुम्ही भांडू नका, पण टाकूही नका.

बोटिंग होतं का? क्रूझ आहे म्हणतात.

जुने व्हिडिओ बघून जाऊ नका. 2023 साली राष्ट्रीय हरित लवादाने तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटी बंद करायला सांगितलं, कारण पिण्याचं पाणी आणि पक्ष्यांचं घर. वल्ह्याची किंवा पायडलची नाव घ्या. बोट क्लबच्या धक्क्यावर त्या दिवशी काय चालू आहे ते तिथेच विचारा. मला विचाराल तर इंजिनाची घरघर गेली हे बरंच झालं. पाण्यात मध्यावर एक बेट आहे, तकिया टापू, त्यावर दर्गा आहे. संध्याकाळी तिकडून बगळे परत येताना दिसतात. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. आसपासच्या शेतांत सारस जोडीने फिरताना दिसला तर तुमचं नशीब.

सूर्यास्त कुठून बघायचा?

व्हीआयपी रोडवरून. तलाव शहराच्या पश्चिमेला असल्याने सूर्य थेट पाण्यात बुडतो. पाण्यातल्या बुरुजावर राजा भोजाचा मोठा पुतळा आहे, त्याच्या पाठीमागे आकाश तांबडं होतं. पुतळा 2011 मधला, म्हणजे फार जुना नाही, पण फोटोत सगळ्यांना पुरातन वाटतो. दुसऱ्या संध्याकाळी बोट क्लबच्या बाजूला जा. तिथे भुट्टा, चणे, फुगे, गिटार घेऊन बसलेली कॉलेजची पोरं. गर्दी असते, पण चौपाटीसारखी रेटारेटी नाही.

वन विहार म्हणजे प्राणिसंग्रहालय का?

धड तेही नाही, धड जंगलही नाही. तलावाच्या काठाने साधारण साडेचार चौरस किलोमीटरची पट्टी, 1983 पासून राष्ट्रीय उद्यान. वाघ, अस्वलं, बिबटे मोठ्या कुंपणांत आहेत. यातले बरेच सर्कशीतून सुटलेले, अनाथ किंवा जखमी होऊन आणलेले. चितळं आणि सांबरं मात्र मोकळी हिंडतात. एका टोकाला रामू द्वार, दुसऱ्या टोकाला चीकू द्वार, मध्ये पाच-एक किलोमीटरचा सपाट रस्ता, सगळा पाण्याच्या कडेने. सायकल भाड्याने मिळते. सकाळी लवकर जा, उन्हं चढली की वाघ सावलीत पाठ करून झोपतो, आणि पोरं ‘वाघ कुठाय’ म्हणून डोकं खातात.

एकच संग्रहालय बघायचं असेल तर?

जनजातीय संग्रहालय. हे विचारलं की मी जरा वाहवत जाते, आधीच सांगते.

2013 साली उघडलेलं, रेवती कामथ या वास्तुकार बाईंनी रचलेलं. गोंड, भील, बैगा, कोरकू, कोल, भारिया, सहरिया या मध्य प्रदेशातल्या जमातींचं जगणं तिथे मांडलं आहे. पण काचेच्या कपाटात वस्तू आणि खाली पाटी, असं नाही. त्या त्या जमातीच्या लोकांनीच येऊन भिंती लिंपल्या, झाडं उभी केली, घरं बांधली. एका दालनात तुम्ही घराच्या ओसरीवरून चालत जाता, पुढच्यात लोककथेतला प्रसंगच छतापासून खाली लटकतो. मुलांच्या खेळांचं एक दालन आहे. त्यात गजगे-सागरगोटे-विटीदांडूच्या नात्यातले खेळ बघून माझ्या आईने तिथेच बसकण मारली होती. दोन तास तरी हवेत. बाहेरच्या विक्रीकेंद्रात गोंड चित्रं मिळतात. किंमत बघून घासाघीस करू नका, ठिपका-ठिपका हाताने भरलेला असतो.

शेजारीच इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, दोनशे एकरांचं. डोंगरउतारावर देशभरातल्या जमातींची खरीखुरी घरं उभी केली आहेत. ती माणसंच आली, आपापल्या गावचं सामान आणून बांधून गेली. आवारात आदिमानवाच्या चित्रांचे खडकही आहेत, म्हणजे भीमबेटका हुकलं तर थोडी भरपाई. पायांत बूट असू द्या, चाल भरपूर आहे. दोन्ही एका दुपारी करायचा हट्ट धरू नका.

भारत भवन लहान मुलांना झेपेल का?

चित्रं झेपतील की नाही माहीत नाही, इमारत नक्की झेपेल. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी 1982 मध्ये ती बांधली ती टेकडीच्या पोटात. बाहेरून इमारत दिसतच नाही. गच्च्यांवरून पायऱ्या उतरत जायचं आणि प्रत्येक चौकातून समोर तलाव. पोरं पायऱ्यांवर चढउतार करत रमतात. आत चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी उभं केलेलं रूपंकर हे कलादालन आहे. शहरी आधुनिक चित्रं आणि आदिवासी चित्रं एकाच मानाने लावायची, हा त्यांचा आग्रह. पाटणगढच्या झोपडीच्या भिंतीवर चित्रं काढणारा जनगढसिंह श्याम त्यांनी चालवलेल्या आदिवासी कलाकारांच्या शोधात सापडला आणि त्याच्यापासून पुढे गोंड चित्रांची अख्खी परंपरा कागदावर आली. संध्याकाळी नाटक किंवा गाणं असतं का, ते आधी बघा. नाट्यदिग्दर्शक ब. व. कारंथांनी इथलं रंगमंडळ घडवलं, त्यामुळे भोपाळचा प्रेक्षक नाटकाच्या बाबतीत चांगलाच खडूस आहे.

जुन्या शहरात काय बघायचं?

बेगमांचं राज्य. 1819 पासून 1926 पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, भोपाळवर बायकांनी राज्य केलं. कुदसिया, मग तिची लेक सिकंदर, तिची लेक शाहजहाँ आणि तिची लेक सुलतानजहाँ. चार पिढ्या. गादी लेकीकडे जाते हे घरात ऐकून ऐकून माझी भाची ‘मग माझं काय’ म्हणून विचारायला लागली आहे.

सकाळी आठ-साडेआठला निघा. कुदसिया बेगमचं गोहर महल तलावाच्या काठालाच, 1820 चं, आत लाकडी खांबांचे चौक. तिथे बऱ्याचदा हातमागाची प्रदर्शनं भरतात. मग इक्बाल मैदान, आजूबाजूला शौकत महल आणि सदर मंझिल. मग चौकातली जामा मशीद, तीही कुदसियाचीच, आणि सिकंदर बेगमची मोती मशीद. शेवटी ताज-उल-मसाजिद. ती शाहजहाँ बेगमने सुरू केली, पैसा संपला, काम तसंच पडून राहिलं आणि पुरं झालं 1985 साली. तांबूस भिंती, तीन पांढरे घुमट आणि एवढं मोठं अंगण की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवार टाळा, अंगभर कपडे घाला, डोक्यावर ओढणी असू द्या. खाली मोतिया तालाब आहे. शेजारच्या दोन तलावांसह तो पायऱ्यांसारखा उतरत गेलेला, वरच्याचं पाणी खालच्यात. या बेगमांना पाण्याचं कळत होतं.

कमला पार्कमधला राणी कमलापतीचा महाल छोटासाच आहे. ही गोंड राणी, बेगमांच्या आधीची. लोक सांगतात की महालाचे बरेच मजले पाण्याखाली आहेत. खरं-खोटं तलावाला ठाऊक.

बाजीरावाची लढाई इथलीच ना?

हो, आणि हे विचारणारे सगळे मराठीच असतात! डिसेंबर 1737 मध्ये निजाम दिल्लीच्या मदतीला निघाला आणि बाजीरावाने त्याला भोपाळपाशी गाठलं. निजाम भोपाळच्या कोटाच्या आणि तलावाच्या आडोशाला जाऊन बसला. जागा भक्कम वाटली असणार. बाजीरावाने समोरून धडक देण्याऐवजी रसद तोडली. आत माणसं-जनावरं उपाशी मरू लागली, निजामाला बाहेर पडता येईना, आणि जानेवारी 1738 मध्ये दोराहा सराईला तह झाला. माळवा आणि नर्मदा-चंबळेमधला मुलूख मराठ्यांकडे, शिवाय पन्नास लाखांची खंडणी.

आता तिथे जाऊन रणांगण शोधू नका, शहर त्यावर पसरलं आहे. पण कमला पार्कच्या बांधावर उभं राहिलं की ज्या पाण्याच्या भरवशावर निजाम बसला तेच पाणी त्याला कसं अडवून बसलं, हे पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

सांची की भीमबेटका?

आई-वडील बरोबर असतील, किंवा कोरीवकामाची आवड असेल तर सांची. मुलं असतील, दगडांतून चढायला आवडत असेल तर भीमबेटका.

सांची ईशान्येला, पन्नासेक किलोमीटर. वाटेत कर्कवृत्त लागतं. रस्त्यावर रेघ मारलेली आहे आणि प्रत्येक गाडी तिथे थांबून एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे असा फोटो काढते. आम्हीही काढला. मोठा स्तूप मूळ अशोकाच्या काळचा, विटांचा. त्यावर दगडी कवच नंतर चढलं आणि चार तोरणं त्याहून नंतर, सातवाहनांच्या वेळी. दक्षिणेच्या तोरणावर एक लेख आहे. सिरि सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुखिया आनंद, त्याने हे दान दिलं, असा. हा सातकर्णी नेमका कितवा यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण नाणेघाट चढलेल्या, जुन्नरची लेणी पाहिलेल्या माणसाला इतक्या लांब आपल्या ओळखीचं घराणं भेटतं, त्याची मजा वेगळीच. त्याच तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनीही आपली नोंद ठेवली आहे. आणि मग ती बारीक नक्षी दगडात कशी उतरली ते कळतं. हात हस्तिदंताचाच होता. उत्तरेचं तोरण सगळ्यांत धड आहे, तिथे वेळ काढा. बुद्धाची मूर्ती शोधू नका. या तोरणांवर बुद्ध म्हणजे पिंपळ, पावलं, रिकामं आसन. 1912 ते 1919 या काळात पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शल यांनी सगळं पुन्हा उभं केलं. खालचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. वेळ उरला तर पुढे विदिशेजवळ उदयगिरीची लेणी आणि हेलिओडोरसचा खांब. इसवीसनाआधी एका ग्रीक दूताने वासुदेवासाठी उभारलेला गरुडध्वज, गावकरी त्याला खांबबाबा म्हणतात.

भीमबेटका दक्षिणेला, साधारण तितकंच लांब. याचा शोध आपल्या पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांचा. 1957 साली ते रेल्वेने जात होते, खिडकीतून डोंगरावरचे खडक दिसले, आणि युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांसारखेच वाटले. उतरून चालत गेले. पुढे सातशेच्या वर शैलाश्रय, म्हणजे आदिमानवाच्या आसऱ्याचे खडक, सापडले. आपल्याला बघता येतात त्यातले पंधराएक, फरसबंद वाटेने. लाल-पांढरी हरणं, नाचणारी माणसं, घोडेस्वार, शिकाऱ्यामागे लागलेलं अवाढव्य रानडुक्कर. एका खडकावर तर प्राण्यांवर प्राणी, हजारो वर्षांच्या अंतराने एकाच भिंतीवर काढलेले. गाइड घ्या, नाहीतर अर्धी चित्रं समोर असून दिसत नाहीत. दुर्बीण असली तर उत्तम.

याच वाटेवर भोजपूर करा. अर्धवट राहिलेलं शिवमंदिर, आत साडेसात फुटांचं अखंड शिवलिंग, तेही उंच जोत्यावर. मंदिरापेक्षा मला मागचे खडक आवडतात. मंदिराचे आराखडे तिथे दगडावर कोरून ठेवलेत, खांब कसा, शिखर कसं. हजार वर्षांपूर्वीच्या स्थापत्यकाराचा कागद. इथेही भोजाचा एक तलाव होता, आजच्या तलावाहून कितीतरी मोठा. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहने त्याचा बांध फोडला. बांध फोडायला तीन महिने, पाणी ओसरायला तीन वर्षं आणि जमीन वाळायला तीस वर्षं लागली, असं तिकडचे गोंड सांगतात.

खायचं काय?

सकाळी पोहे-जिलबी. आपले कांदेपोहे डोक्यातून काढून टाका. हे वाफेवर ठेवलेले, बडीशेपेच्या वासाचे, किंचित गोडसर, वरून शेव आणि कच्चा कांदा. ओलं खोबरं नाही म्हणून रुसू नका. बरोबर गरम जिलबी, एक घास हा, एक घास तो. पहिल्यांदा मी नाक मुरडलं होतं. आता पुण्यात पोह्यांबरोबर काहीतरी गोड शोधते.

जुन्या शहरात नमकवाली चहा प्या. दुधाची, दाट, आणि साखरेबरोबर चिमूट मीठ. सुलेमानी म्हणतात तिला तिथे. दुसऱ्या ठिकाणी सुलेमानी मागितली की बिनदुधाची येते, इथे उलटं.

मांसाहारी असाल तर संध्याकाळी इब्राहिमपुऱ्यातली चटोरी गल्ली. कबाब, पाया, नल्ली-निहारी. भोपाळची म्हणावी अशी खास चीज म्हणजे रिजाला, दही, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीतलं मटण. दुसरं फिलफोरा, जाडसर कुटलेल्या मटणाचं. आमचे भावोजी शाकाहारी, त्यामुळे ते गल्लीच्या तोंडाशी पान खात उभे राहतात. शाकाहारी मंडळींना दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे आणि वरण), कचोरी आणि खव्याची गोड मावाबाटी. दुपारी दाल-बाफले खाल्ले तर पुढचा कार्यक्रम आखू नका, तूप आडवं करतं.

‘को खां’ अशी हाक ऐकलीत तर बिचकू नका, ती प्रेमाची आहे.

गॅसकांडाची जागा बघावी का?

हा प्रश्न लोक जरा आवाज खाली करून विचारतात. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. हजारो माणसं गेली, आणि जी वाचली त्यांच्यातली कित्येक आजही दवाखान्याच्या रांगेत आहेत. कारखाना शहराच्या उत्तर अंगाला अजून उभा आहे, आत सोडत नाहीत. तिथला 337 टन विषारी कचरा हलवायला 2025 चा जानेवारी उजाडला. समोर रस्त्यापलीकडे मूल कवटाळून डोळे झाकलेल्या आईचा पुतळा आहे. जायचं असेल तर तिथवर जा, गप्प उभे राहा आणि परत या. आजूबाजूला त्याच वस्त्या आहेत, त्याच लोकांच्या. त्यांच्या दारात सेल्फी काढू नका. ताईच्या शेजारच्या आजी त्या रात्रीबद्दल कधीच बोलत नाहीत, फक्त खिडक्या पुन्हा पुन्हा तपासतात.

खरेदी?

जुन्या शहरातल्या चौकात बटवा घ्या. मखमलीवर जरीचं भरतकाम, भोपाळची खास वस्तू. मी पाच-सहा आणते आणि सगळे वाटून टाकते. साड्यांसाठी सरकारी मृगनयनी, तिथे चंदेरी, महेश्वरी आणि बाग गावची छपाई खात्रीची. महेश्वरी तर अहिल्याबाईंच्या गावची, तिच्यावर आपला हक्कच.

शहरात फिरायला गाडी लागते का?

नाही. रिक्षा आणि मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सी पुरतात. बाहेरगावासाठी मात्र अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाची टॅक्सी ठरवा आणि थांबायच्या जागा आधीच बोलून घ्या, म्हणजे भोजपूर ‘वाटेत नाही’ असं नंतर ऐकावं लागत नाही.

स्टेशन कुठलं?

हा खरं तर पहिला प्रश्न असायला हवा. एक भोपाळ जंक्शन, जुन्या शहराला लागून. दुसरं राणी कमलापती, एमपी नगरजवळ. त्याचं नाव 2021 पर्यंत हबीबगंज होतं आणि रिक्षावाले अजून तेच म्हणतात. दोन्हींत सहा-सात किलोमीटरचं अंतर. काही गाड्या दोन्हीकडे थांबतात, काही एकीकडेच. तिकिटावर काय लिहिलंय ते रविवारी संध्याकाळी नाही, शुक्रवारी निघतानाच वाचा. एकदा आम्ही चुकीच्या फलाटावर बटाटेवडे खात गाडीची वाट बघत बसलो होतो, आणि गाडी दुसऱ्या स्टेशनावरून निघून गेली. ताईकडे आणखी एक रात्र राहिलो. भावोजींनी काही विचारलं नाही, फक्त सकाळी पोहे-जिलबी आणून ठेवली.